परदेशातून : बावटा उतरेपर्यंत थांबायचं

दिवाळीची सुट्टी लागली की अलिबागपासून तारकर्लीपर्यंतचे किनारे फुलतात, आणि मग कधीतरी अपघाताचा व्हिडिओ येतोच. 2021 च्या नोव्हेंबरात अलिबागजवळ वरसोलीला पॅरासेलिंगचा, म्हणजे बोटीमागे हवेत तरंगणाऱ्या पॅराशूटचा, दोर तुटून दोन महिला समुद्रात पडल्या. अंगात लाइफ जॅकेट होतं म्हणून वाचल्या. पुढच्याच मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाच्या पर्यटकांची बोट बुडाली आणि दोघांचे जीव गेले. असं काही झालं की गावच्या ग्रुपवर ठरलेली दोन मतं येतात. एक म्हणजे, हे खेळ कायमचे बंद करा. दुसरं म्हणजे, पोरांच्या पोटावर पाय देऊ नका, परदेशात नाही का हे सगळं चालत? दुसऱ्या मताला हल्ली माझ्या नावाचा दाखला दिला जातो, कारण पन्नाशीच्या तोंडावर मी इथे अमेरिकेत स्कायडायव्हिंग, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारणं, शिकायला लागले. माझं नाव निघालंच आहे, तर इथे नेमकं काय चालतं ते मीच सांगते.

पहिल्या उडीआधी दिवसभर जमिनीवरच काम असतं. छताला टांगलेल्या पट्ट्यांमध्ये आपल्याला लटकवतात आणि प्रशिक्षक डोक्यावर पॅराशूटचे फोटो धरतो: कधी नीट उघडलेलं, कधी पीळ पडलेलं, कधी नुसता गोळा झालेलं. गोळा दिसला की उजवीकडची लाल मूठ बघायची, धरायची. डावीकडची चंदेरी बघायची. लाल ओढायची आणि लगेच चंदेरी. लाल ओढली की बिघडलेलं पॅराशूट सुटून जातं, चंदेरी ओढली की राखीव उघडतं. विचार न करता हात तिथे जाईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. ते राखीव पॅराशूट वापरलं असो वा नसो, दर 180 दिवसांनी परवाना असलेल्या रिगरने, म्हणजे पॅराशूट तपासून बांधणाऱ्या तज्ज्ञाने, उघडून, तपासून, पुन्हा घडी घालून त्यावर सही करायची, हा सरकारी नियम आहे.

आणि मग वाट बघणं. एकट्याने उडी मारणाऱ्या विद्यार्थ्याला जमिनीवरचा वारा ताशी 14 मैलांच्या, म्हणजे साधारण 22 किलोमीटरच्या वर गेला की विमानात घेत नाहीत. सकाळी सातला पोचायचं, रिग म्हणजे पाठीवरचा पॅराशूटचा संच तपासायचा, वाऱ्याची पिशवी आडवी झालेली बघत बसायचं आणि संध्याकाळी उडी न मारता घरी यायचं. असे शनिवार पुष्कळ जातात. पैसे बुडत नाहीत, उडी पुढच्या वेळी मिळते. माझी आत्या फोनवर म्हणाली होती, "ह्या वयात आकाशातसून उडी मारुक तुका कोणी सांगल्यान गो?" मला वाटतं, हे शिकायला हेच वय बरं आहे. तासन्तास थांबण्याची विशीत मला चीड यायची. आता गुडघे जपावे लागतात, घरी माणसं वाट बघत असतात, आणि "आज नको" म्हणताना जड जात नाही. शीतल महाजन यांनी 2018 साली नऊवारी नेसून थायलंडमध्ये मारलेल्या उडीचा फोटो आपल्याकडे घरोघरी फिरला. त्या फोटोमागे चौदा वर्षांचा सराव होता, त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही.

या खेळाच्या अमेरिकेतल्या संघटनेने 1961 साली मृत्यूंची नोंद ठेवायला सुरुवात केली, त्या वर्षी 14 जण गेले होते. सत्तरच्या दशकात वर्षाला सरासरी चाळीसहून जास्त जात. 2023 मध्ये सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि मृत्यू 10. साधनं सुधारली हे खरंच. ठरावीक उंचीखाली माणूस अजून वेगाने पडत असेल तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्र आता विद्यार्थ्याच्या पाठीवर असतंच. पण माझ्या मते त्याहून मोठं काम त्या नोंदींनी केलं. प्रत्येक अपघाताची हकीकत नाव न देता छापली जाते: वारा किती होता, काय तपासलं गेलं नाही, किती उंचीवर काय करायला हवं होतं. त्या वाचूनच मला कळलं की नीट उघडलेल्या पॅराशूटखालीही माणसं मरतात, जमिनीजवळ जोरात वळायला गेल्यामुळे. वरसोलीचा दोर का तुटला, याची अशी हकीकत मला कुठेच वाचायला मिळालेली नाही.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. उडीआधी पानामागून पान सह्या घेतात, त्यांचा अर्थ एवढाच की काही झालं तर कोर्टात येऊ नका. पॅरासेलिंगच्या बाबतीत तर अमेरिकाही आपल्यासारखीच ढिली. इथल्या अपघात तपासणाऱ्या सरकारी मंडळाने 2014 साली खास अहवाल काढून जोराचा वारा आणि कमकुवत दोर यांवर बोट ठेवलं होतं आणि बोट चालवणाऱ्यांना वेगळी परवानगी लागावी अशी शिफारस केली होती. तेव्हा "परदेशात चालतं" हा युक्तिवाद सोडून द्या.

मागच्या खेपेला घरी आले तेव्हा किनाऱ्यावर एका मुलाला दोर दाखवायला सांगितलं. हातात घेतला तर खरखरीत, धागे सुटलेले, आणि हुकाजवळ गाठ. उन्हाने आणि मिठाने दोर कमजोर होतो, गाठीने त्याची ताकद आणखी घटते. मुलगा प्रामाणिक होता. "सीझन संपलो की बदलतलंव," म्हणाला. त्याच्या बोटीचा हप्ता आहे, कमाईचे महिने मोजके, आणि दुपारी खारा वारा वाढतो तेव्हाच गिऱ्हाईक जेवून किनाऱ्यावर येतं. तो नाही म्हणाला तर शेजारचा हो म्हणतो. थांबण्याची किंमत त्याने एकट्याने मोजायची असेल तर तो थांबणार नाही.

थांबणं कोकणाला कुणी शिकवायला नको. बंदरात वादळी वाऱ्याचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागला की परराज्यांतल्या बोटीसुद्धा देवगडच्या आसऱ्याला येतात, आणि त्यांना कुणी भित्रे म्हणत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी न लोटणारी घरं अजून आहेत. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 सालीच आलं. पण दुपारी तीन वाजता किनाऱ्यावर "आता बस" म्हणायला माणूस लागतो.

म्हणून खेळ बंद करा असंही मी म्हणणार नाही. बावटा लागला की सगळ्याच बोटी थांबाव्यात, पर्यटकाला पैसे परत न देता दुसऱ्या दिवशीची पाळी द्यावी, प्रत्येक दोराची खरेदीची तारीख वहीत असावी, आणि अपघात झालाच तर नाव न घेता त्याची हकीकत सगळ्या किनाऱ्यांवर वाचली जावी. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. देवळाच्या सभामंडपाला आम्ही बाहेरची माणसं वर्गणी देतोच. वारा मोजायच्या यंत्राचा आणि पहिल्या सीझनच्या नव्या दोरांचा खर्चही उचलू. बावटा लावायचा अधिकार मात्र गावातल्याच कुणाकडे असावा, आणि त्याची स्वतःची बोट किनाऱ्यावर नसावी.