शेड म्हणालास ना, आता ऐक

सकाळी सकाळी डोकं फिरवलं एकाने. आपल्याच ग्रुपवरचा आहे, नाव घेत नाही, त्याचं त्याला कळेल. इंग्लंडच्या खालच्या लीगमधली 'टॉप टेन' स्टेडियम्स म्हणून एक रील टाकलं. एक नंबरला काय, तर हायवेच्या कडेला बांधलेलं एक चकचकीत भांडं. का? पार्किंग मोठं, वायफाय जोरात, पाय पसरायला जागा. मी खाली ब्लंडेल पार्कचा फोटो टाकला, तर गडी म्हणतो, "ही तर म्हशींची शेड."

शेड! कोल्हापूरचा ना रे तू? शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर भर उन्हात पॅन्ट भाजत बसून मॅच बघितलेला माणूस पार्किंग मोजायला लागला?

ब्लंडेल पार्क म्हणजे ग्रिम्सबी टाउनचं मैदान. क्लब इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतला. मेन स्टँडचा मधला भाग १९०१ सालचा. तो उभा राहिला तेव्हा आपल्याकडे शाहू महाराज गादीवर होते, एवढं लक्षात घे आणि मग शेड म्हण.

आमचे अण्णा कोल्हापूरहून इथं इंग्लंडला आले होते तेव्हा त्यांना आधी मँचेस्टर युनायटेडच्या मैदानाची, ओल्ड ट्रॅफर्डची टूर घडवली. एवढे पौंड मोजले. बाहेर आल्यावर म्हणाले, "मोठं हाय." संपलं. पुढच्या शनिवारी ग्रिम्सबीला नेलं. मार्च महिना, वारा असा की कानटोपीवर मफलर. जाताना सांगितलं की मैदान ग्रिम्सबीत नाहीच, शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे. अण्णा म्हणाले, "म्हंजे आपलं ग्राउंड उचगावात!" आत गेलो. अण्णांनी बसायच्या आधी खुर्चीवर टिचक्या मारून बघितल्या. "लाकूड हाय रं." समोर बरोबर मध्ये खांब. अण्णा एकदा डावीकडं वाकतात, एकदा उजवीकडं. शेजारच्या म्हाताऱ्याने न बोलता थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांच्या हातात दिला. इंग्रजी अण्णांना येत नाही, त्याला मराठी येणार कुठून. दोघांचं नव्वद मिनिटं छान जमलं.

मुद्दा हा आहे की मैदान गावात असावं लागतं. मैदानाला शेजारी असावे लागतात.

ल्यूटन क्लबचं मैदान, केनिलवर्थ रोड, बघ. पाहुण्या टीमच्या लोकांना ओक रोडवर घरांच्या रांगेतल्या बोळातून आत जावं लागतं आणि जिना चढताना खाली लोकांची परसदारं दिसतात. २०२३ ला त्याच बोळातून प्रीमियर लीग, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी, आत आली! पुढं दोन वर्षांत दोनदा खालच्या श्रेणीत घसरले, ते जाऊ दे. लंडनला लेटन ओरिएंट क्लबच्या मैदानाच्या चारही कोपऱ्यांत फ्लॅट आहेत, गॅलरीत उभं राहून फुकट मॅच. खाली तिकीट काढलेल्याला मैदान दिसेल अशा जागी बिअर प्यायला १९८५ च्या कायद्याने बंदी, आणि वरचा बाप्या स्वतःच्या घरात, त्याला कोण विचारणार! एक्सेटरला तर ट्रेनमधून उतरलं की मैदान, स्टेशनचं नावच सेंट जेम्स पार्क. आणि तिथला क्लब, एक्सेटर सिटी, समर्थकांच्या मालकीचा आहे. ह्यातलं एकही त्या रीलमध्ये नाही.

आता तुझी ती भांडी. डार्लिंग्टनला २००३ मध्ये एका मालकाने पंचवीस हजार खुर्च्यांचं स्टेडियम बांधलं. येणारी माणसं दोन-चार हजार. २०१२ मध्ये क्लबच बुडाला. खुर्च्या राहिल्या. मिल्टन कीन्समध्ये तीस हजार खुर्च्या, आणि टीम कुठली? लंडनमधल्या विम्बल्डनची उचलून नेलेली. आपली फुटबॉल खेळणारी तालीम कोणी उचलून पनवेलला नेली तर पेठ गप्प बसेल काय? विम्बल्डनची माणसंही बसली नाहीत. २००२ मध्ये स्वतःचा क्लब काढला, अगदी तळापासून खेळत वर आले आणि २०२० मध्ये प्लाउ लेनला, म्हणजे जुन्या मैदानाच्या रस्त्यावर, परतले. मैदान नवं कोरं आहे, तरी माझ्या यादीत वर. म्हणजे मी नव्याच्या विरोधात आहे असं समजू नका.

बरं, ब्लंडेल पार्कची मुतारी वाईट आहे. मान्य. अण्णांच्या गुडघ्यांना ती जागा सोसली नाही, हेही मान्य. आणि जुन्या लाकडाचं कौतुक सांगताना ब्रॅडफर्ड विसरता येत नाही. ११ मे १९८५, तिथल्या व्हॅली परेड मैदानाचा लाकडी स्टँड पेटला आणि ५६ माणसं गेली. त्या तारखेपुढं माझ्याकडं उत्तर नाही.

पण तू आग लागेल म्हणून शेड म्हणाला नाहीस. दिसायला गरीब वाटली म्हणून म्हणालास. त्याचाच राग आहे.

एक सांगायचं राहिलं. मैदानाच्या मागं रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडं हंबर नदीचं मुख. दोन स्टँडच्या मधल्या फटीतून एक मालवाहू जहाज दिसत होतं. ग्रिम्सबीला कॉर्नर मिळाला, सगळे उठून उभे राहिले, आणि अण्णा माझी बाही ओढून विचारतात, "ते जहाज थांबलंय का चाललंय?" मी जहाजाकडं बघितलं. तेवढ्यात गोल झाला. आम्हा दोघांनाही दिसला नाही. म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला, मग अण्णांना असा मिठीत घेतला की मफलर सुटून खाली पडला.

२०२५ ची गणेश चतुर्थी, २७ ऑगस्ट. त्याच शेडमध्ये ग्रिम्सबीने मँचेस्टर युनायटेडला लीग कपमधून बाहेर काढलं. दोन गोलची आघाडी घालवली, २-२, मग पेनल्टीवर १२-११. बारा-अकरा! शेवटी युनायटेडचा चेंडू बारवर आपटला तेव्हा कोल्हापुरात पहाटेचे तीन वाजत आले होते. माझा फोन वाजला. घरात गणपती बसलेला, सगळे झोपलेले, म्हणून अण्णा कुजबुजत होते. "जिंकलं न्हवं आपलं?" मी म्हटलं, जिंकलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "चहावाला असंल काय रं तिथं?"

मला तर त्या माणसाचं नावही माहीत नाही.

असो. टायपता टायपता राग बराच उतरला, सगळा नाही. पुढच्या शनिवारी मी ग्रिम्सबीला जातोय, गाडीत दोन जागा आहेत, कमेंटमध्ये सांगा. शेडवाल्यालाही घेऊन जाईन, तिकीट माझ्याकडून. बसवणार मात्र खांबामागं.