वांगं कुठल्याच डाएटमध्ये बसत नाही? एकेक आक्षेप तपासू

"वांग्यात कार्ब्स भरपूर, शिवाय सोलानिन नावाचं विष आणि सिगारेटमधलं निकोटिन. त्याने सांधे धरतात, पोषण शून्य आणि वर तेल पितं. डाएट करत असाल तर वांगं बंद करा." हा मजकूर सध्या जोरात फिरतोय आणि तो वाचून लोक खरंच वांगं सोडतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कार्ब्सचा मुद्दा सरळसरळ चुकीचा आहे. 100 ग्रॅम कच्च्या वांग्यात साधारण 25 कॅलरी आणि 6 ग्रॅम कार्ब्स असतात, त्यातलं निम्मं फायबर. किटो या अगदी कमी कार्ब्सच्या आहारातही दिवसाला 20 ते 50 ग्रॅम कार्ब्स चालतात. त्यात वांगं सहज बसतं.

निकोटिन असतं, पण किती? सुमारे 10 किलो वांगी खाल्ली, तर एका सिगारेटमधून शरीरात जातं तेवढं. सोलानिनच्या जातीची संयुगंही असतात, पण नेहमीच्या जेवणातून त्रास व्हावा इतकी नाहीत. हिरव्या पडलेल्या बटाट्यात सोलानिन वाढलेलं असतं, म्हणून तो टाळायला सांगतात, ते मात्र योग्यच आहे.

सांधेदुखीचं थोडं वेगळं आहे. टोमॅटो, बटाटा, मिरची, वांगं ही सगळी एकाच कुळातली. ऑटोइम्यून आजारांसाठी (ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते) ऑटोइम्यून प्रोटोकॉल नावाचा आहार सांगतात, त्यात ही सगळी सुरुवातीला बंद करतात, आणि पुढे एकेक करून परत खाऊन बघतात. वांगं खाल्ल्याने सर्वांचेच सांधे दुखतात असा ठोस पुरावा नाही. कुणाला स्वतःला त्रास जाणवत असेल, तर त्याने जरूर टाळावं. पॅलिओत, म्हणजे आदिमानवासारखं धान्य-डाळी टाळून खाण्याच्या पद्धतीत, तर वांगं चालतंच.

पोषण शून्य म्हणणंही बरोबर नाही, फायबर आणि पोटॅशियम मिळतंच. पण प्रोटीन 100 ग्रॅमला जेमतेम 1 ग्रॅम. व्हीगन, म्हणजे मांस-दूध-अंडी काहीच न खाणारी मंडळी मांसाच्या जागी वांगं घेतात, तेव्हा तोंडाला मांसल लागतं, प्रोटीन मात्र येत नाही. सोबत डाळ, सोयाबीन असं काहीतरी हवंच.

आता तेल. हा एकच आक्षेप खरा, आणि तोही स्वयंपाकाच्या पद्धतीवरचा. कच्च्या वांग्याच्या गरात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. तव्यावर काप टाकले की तेल बघता बघता गायब होतं, काप कोरडे दिसतात आणि हात पुन्हा तेलाकडे जातो. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी, म्हणजे 100 ग्रॅम वांग्याच्या जवळजवळ पाचपट! त्यापेक्षा काप आधी वाफवून घ्या किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवा. गर बसतो, पोकळ्या मिटतात, मग वरून तेलाचा हात फिरवला तरी पुरतं. मीठ लावून अर्धा तास ठेवलं तरी पाणी सुटून तोच परिणाम होतो. रक्तदाबासाठी कमी मिठाचा डॅश आहार घेत असाल तर मात्र वाफवण्याचीच पद्धत धरा, कारण धुतल्यावरही थोडं मीठ आत राहतं.