प्रतिक्रियेला उत्तर : माझं मोडलेलं मनगट आणि फ्लाइंग डॉक्टरांचं विमान

नमस्कार,

‘एका हाताने आउटबॅक’ (आउटबॅक म्हणजे ऑस्ट्रेलियाचा आतला, विरळ वस्तीचा भाग) या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. रागाच्या भरात उत्तर नको म्हणून रात्रभर तशीच ठेवली. सकाळीही राग तेवढाच आहे, तेव्हा आता लिहितेच.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दक्षिण ऑस्ट्रेलियात ऊडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्यावर, विल्यम क्रीक या छोट्या वस्तीजवळ, कॅरॅव्हानच्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) पायरीवरून पडून माझं डावं मनगट मोडलं. प्लास्टर घातलेल्या हाताने पुढचा प्रवास कसा केला ते मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: पडल्यावर आम्ही सरळ घरी परतायला हवं होतं. गाडी चालवणारा एकच माणूस असताना पुढे जाणं बेजबाबदारपणाचं होतं. मी ‘बिचाऱ्या नवऱ्याला राबवून घेतलं’. असे लेख वाचून भारतातून मुलांकडे आलेले आईवडील नसत्या फंदात पडतील. आणि वर हे वाक्य: ‘तुमच्यासारख्या हौशी म्हाताऱ्यांमुळेच फ्लाइंग डॉक्टरांची विमानं खऱ्या गरजूंच्या वाट्याला येत नाहीत.’ (फ्लाइंग डॉक्टर म्हणजे आउटबॅकमधल्या रुग्णांपर्यंत विमानाने पोचणारी वैद्यकीय सेवा.)

मतभेद मला चालतात. इथे नेहमी येणारे वाचक माझी चूक तोंडावर दाखवतात आणि त्यांच्याशी माझं उत्तम जमतं. पण ते आधी विचारतात. ‘ताई, विमान बोलावलं होतं का?’ एवढं एक वाक्य तुम्ही लिहिलं असतंत, तर एका ओळीत उत्तर मिळालं असतं. तुम्ही विचारलं काहीच नाही, थेट निकाल देऊन मोकळे झालात. तोही ‘माझा मुलगा सिडनीत आहे, मला तिकडची चांगली कल्पना आहे’ असं सांगून. मुलगा सिडनीत आहे याचा आनंद आहे. पण सिडनीत राहून विल्यम क्रीकची कल्पना येत नाही. मी इतकी वर्षं ॲडलेडमध्ये राहते, मलासुद्धा तिथे जाईपर्यंत आली नव्हती.

आता त्या वाक्याकडे येते. आम्ही विमान बोलावलं नाही. मूळ लेखात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, तिसऱ्याच परिच्छेदात. आम्ही फोन केला, सॅटेलाइट फोनवरून, आणि डॉक्टरांशी बोललो. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो तुम्हाला ठाऊक नसेल तर त्याबद्दल माझी तक्रार नाही. ठाऊक नसताना आरोप केलात, याची आहे.

रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस म्हणजे नुसती विमानं, असा तुमचा समज दिसतो. ही सेवा कशातून उभी राहिली ते ऐका. १९१७ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात हॉल्स क्रीकजवळ जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडून गंभीर जखमी झाला. गावात डॉक्टर नाही. टकेट नावाच्या पोस्टमास्तरने, पर्थहून डॉक्टर हॉलंड तारेने एकेक सूचना देत असताना, खिशातल्या चाकूने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. नंतर डॉक्टर स्वतः निघाले, बोटीने, मग मोटारने, मजल दरमजल करत. ते पोचण्याच्या आदल्या दिवशी डार्सी गेला होता. या घटनेने पाद्री जॉन फ्लिन हेलावले, आणि १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलंडमधल्या क्लॉनकरीहून फ्लाइंग डॉक्टरांचं पहिलं उड्डाण झालं.

पण नुसत्या विमानाने भागणार नव्हतं. शेकडो मैलांवरच्या घरातल्या बाईने डॉक्टरांना कळवायचं कसं? आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पॅडल मारून चालवायचा वायरलेस संच तयार केला, १९२९ पासून तो घरोघर पोचायला लागला, आणि तेव्हा कुठे ही सेवा खऱ्या अर्थाने चालू झाली. डॉक्टरांशी बोलणं हा या सेवेचा कणा आहे, पहिल्यापासून. आजही दूरच्या गुरांच्या वाड्यांवर औषधांची पेटी ठेवलेली असते, प्रत्येक औषधाला क्रमांक असतो. डॉक्टर फोनवर ऐकून घेतात आणि अमुक क्रमांकाची गोळी इतक्या वेळा घ्या असं सांगतात. विमान कोणाला लागेल आणि कोणाचं रस्त्याने भागेल, याची निवड याच बोलण्यातून होते. म्हणजे आम्ही फोन केला म्हणून विमान अडलं नाही. नको असलेलं विमान निघू नये यासाठीच तो फोन असतो.

आणि फोनवर काय झालं तेही सांगते, कारण ‘हौशी’ हा शब्द मला फार लागला आहे.

मी मिरजेला हाडांच्या वॉर्डात सिस्टर होते, नंतर इथे येऊन वृद्धाश्रमांत नर्सिंग केलं. पडले तेव्हा मनगटाचा आकार बघूनच मला कळलं होतं. सूज चढायला लागली होती आणि डाव्या हातात सासूबाईंनी घातलेली पाटली होती. सूज आली की पाटली रुतते आणि पुढचा रक्तपुरवठा अडतो. साबणाने निघेना. मग मी यांना पातळ प्लॅस्टिकची पिशवी माझ्या पंजावर चढवायला सांगितली, पाटलीच्या आतून तिचं टोक ओढून घेतलं, आणि अंगठा तळव्यात दुमडून पाटली पिशवीवरून सरकवली. बांगड्या भरणाऱ्या बायका करतात तसं. मी किंचाळले, पण पाटली निघाली. अंगठी त्याआधीच काढली होती. मग एका जाड मासिकाची घडी हाताखाली, त्यावर क्रेप बँडेज, आणि ओढणीची झोळी गळ्यात. एवढं झाल्यावर फोन लावला.

डॉक्टरांनी विचारलं: जखम आहे का, हाड बाहेर दिसतंय का, बोटं हलतात का, नखं दाबून सोडल्यावर पुन्हा गुलाबी होतात का, कुठे बधिर वाटतंय का, डोक्याला मार लागलाय का. उत्तरं ऐकून त्यांनी सांगितलं की रस्त्याने कूबर पीडी या गावी जा, हळू जा, हात उंच ठेवा, बोटं गार किंवा निळी पडली तर जागीच थांबून परत फोन करा. तो रस्ता सुमारे १६५ किलोमीटरचा, सगळा कच्चा. कॅरॅव्हान विल्यम क्रीकलाच सोडली, चाकांतली हवा कमी केली आणि नुसत्या गाडीने निघालो. उशीवर हात ठेवून बसले होते, आणि प्रत्येक खाचेला काय होत होतं ते इथे लिहीत नाही. कूबर पीडीच्या इस्पितळात एक्स-रे निघाला. मनगटाजवळचं हाड मोडलं होतं, पण जागेवरून हललं नव्हतं. त्यांनी स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर, बांधला. हे नंतर एकटे परत जाऊन कॅरॅव्हान घेऊन आले.

यात कोणत्या गरजूचं विमान आम्ही पळवलं?

आणखी एक. ती विमानं केंद्र आणि राज्य सरकारांच्या पैशांवर जशी चालतात तशीच लोकांच्या देणग्यांवर चालतात. तातडीने विमानात घेतलेल्या रुग्णाकडून पैसे मागत नाहीत. आउटबॅकमधल्या पबच्या गल्ल्याशेजारी त्यांच्या देणगीच्या पेट्या असतात, आणि त्यांत पैसे टाकणाऱ्यांत कॅरॅव्हानवाले म्हातारे-म्हाताऱ्या काही मागे नसतात. उद्या खरोखरच आमच्यापैकी कोणाला विमान लागलं, तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? स्टुअर्ट हायवेवर ग्लेनडॅम्बो आणि कूबर पीडीच्या मध्ये डांबरी रस्त्यावरच धावपट्टीच्या पांढऱ्या खुणा रंगवलेल्या आहेत, विमान उतरवता यावं म्हणून. त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकासाठी आहेत त्या. गरजू कोण हे वय बघून ठरत नाही.

‘घरी परतायला हवं होतं’ याबद्दल. कृपया नकाशा उघडा. कूबर पीडीहून आमचं घर दक्षिणेला साधारण ८५० किलोमीटर. ॲलिस स्प्रिंग्ज उत्तरेला ६९० किलोमीटर, म्हणजे पुणे-नागपूर इतकं, आणि तिथे मोठं इस्पितळ. दोन्हीकडे स्टुअर्ट हायवेच, गुळगुळीत डांबरी. सूज उतरल्यावर पुन्हा एक्स-रे काढून पक्कं प्लास्टर घालायचं होतं, आणि ते ॲलिसला झालं. दूरच्या घरी न जाता जवळच्या इस्पितळात गेलो, यात बेजबाबदारपणा कुठे आला? उरलेला ऊडनाडाटा ट्रॅक आम्ही सोडला. डॅलहाउसीचे गरम झरे सोडले, ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला होता. हेही लेखात होतं. तुम्ही शीर्षक आणि फोटो बघून लिहिलंत असं मला राहून राहून वाटतं.

हाडाचं दुखणं मी थट्टेवारी नेते असंही तुम्ही सुचवलंत. माझी आई शेतात बांधावरून पडली होती. सुगीचे दिवस होते, हळद-गूळ लावून फडकं गुंडाळलं आणि ती कामाला लागली. तिचं मनगट जन्मभर वाकडं राहिलं, पिण्याच्या पाण्याचा तांब्यासुद्धा ती उजव्या हाताने उचलू शकत नसे. मी त्या हाताकडे बघत मोठी झाले आणि हाडांच्या वॉर्डात काम केलं. प्लास्टर ओलं होऊ नये, बोटं दर तासाला हलवावीत, खाज आली तरी आत काडी घालू नये, हे मला शिकवायची गरज नाही. तांबडी धूळ आत जाऊ नये म्हणून मी दिवसभर हातावर जुना पायमोजा कापून घालत होते.

गाडी चालवणारा एकच. बरोबर, एकच होता. यांनी एसटीत असताना पसरणी आणि खंबाटकी घाट रात्री-अपरात्री चालवलेत, नंतर ॲडलेडला सिटी बस चालवली. दर दोन तासांनी थांबत होतो आणि कांगारूंच्या भीतीने दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठत होतो. यापुढे या मुद्द्यावर मला वाद घालायचा नाही.

‘बिचाऱ्या नवऱ्याला राबवून घेतलं’ हे वाचून हे स्वतःच उत्तर लिहायला निघाले होते. मी थांबवलं. कॅरॅव्हानचे चार कोपऱ्यांतले पाय फिरवून टेकवणं, गॅसची टाकी, सांडपाण्याचा पाइप, हे एरवीही त्यांचंच काम. गाडी मागे घेताना मागे उभी राहून वॉकी-टॉकीवर ‘अजून, अजून, थांबा’ हे माझं, आणि ते मी उजव्या हातात संच धरून करतच होते. वाढलं ते स्वयंपाकाचं. कुकरचं झाकण एका हाताने लागत नाही, भाकरी थापता येत नाही. त्यांनी पोहे, खिचडी, पिठलं केलं. आणि माझी वेणी घातली. पहिल्या दिवशी तीन पेडांतला एक सारखा सुटत होता, तर दोन केसांच्या पिना दातांत धरून माझ्यामागे बसून त्यांनी ती पुन्हा पुन्हा उकलली आणि घातली. आमच्या संसारात मी त्यांचं वर्षानुवर्षं केलं तेव्हा कोणी मला बिचारी म्हटलं नाही. त्यांनी थोडे दिवस केलं तर लगेच कळवळा आला. हा कळवळा मला मान्य नाही.

राहिला भारतातून येणाऱ्या आईवडिलांचा मुद्दा. तो तुमच्या प्रतिक्रियेतला एकच मला पटला, आणि तो असा अंगावर न येता मांडला असतात तर मी आभारही मानले असते. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात वैद्यकीय सेवेचा परस्पर करार नाही, त्यामुळे भारतातून फिरायला आलेल्यांना मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, लागू होत नाही. मला एक्स-रेचं बिल आलं नाही म्हणून तुमच्या व्याह्यांना येणार नाही असं नाही. शिवाय मेडिकेअरमध्ये ॲम्ब्युलन्सचा खर्च येत नाही, त्यासाठी इथल्या आमच्यासारख्यांनीसुद्धा वेगळं कव्हर घ्यावं लागतं. तेव्हा पाहुण्यांनी चांगला प्रवासविमा घेतल्याशिवाय, आणि जुनी दुखणी त्यात धरली आहेत का हे वाचल्याशिवाय, शहराबाहेर पडू नये. सोबत सॅटेलाइट फोन किंवा लोकेटर बीकन (संकटात आपला ठावठिकाणा कळवणारं यंत्र) हवाच, कारण मोबाइलला कित्येक तास रेंज नसते. ट्रकवाल्यांशी बोलायला यूएचएफ रेडिओ, चॅनल ४०. हे सगळं आज मूळ लेखाच्या शेवटी जोडलं आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. विमानाबद्दलचं वाक्य मात्र खोटं आहे हे आता तुम्हाला कळलं आहे. ते तिथे तसंच ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.