मामा आणि बॉम्ब

गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. लंडनहून रेडिंगला जाणारी संध्याकाळची गाडी, डबा खच्चून भरलेला, आणि फोनवर डोंबिवलीचा भाचा. "मामा, बाबांनी सुतळी बॉम्ब आणलेत, डझनभर!" मी म्हणालो, "अरे वा! मग बॉम्ब कधी लावताय? गर्दीत नको लावूस हां." समोरच्या बाईंना या गप्पांतले दोनच शब्द कळले असणार: मामा आणि बॉम्ब.

रेडिंगला फलाटावर दोन पोलीस उभे होते. नाव काय, कुठून आलात, फोनवर कोण होतं? मी भाच्याने पाठवलेला फोटो दाखवला. हिरव्या सुतळीचे ते गोळे बघून दोघांच्या कपाळाला आधी आठ्याच पडल्या. मग फटाके, दिवाळी असं सगळं समजावलं. १६०५ मध्ये पार्लमेंट उडवायचा कट फसला म्हणून दर ५ नोव्हेंबरला दारूकाम उडवणारा हा देश. त्याला फटाके काय नवीन! पाच मिनिटांत सुटलो. हात मात्र घरी पोचेपर्यंत थरथरत होते.

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे सांगितलं आणि दोन तट पडले. एक म्हणाला, "हा सरळसरळ वर्णद्वेष." दुसरा म्हणाला, "त्यात काय बिघडलं? खबरदारी घेतलेली बरी." मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. त्या बाईंवर माझा राग नाही. 'सी इट, से इट, सॉर्टेड', म्हणजे संशयास्पद काही दिसलं तर कळवा, पुढचं आम्ही बघतो, हे इथल्या गाड्यांमध्ये २०१६ पासून इतक्या वेळा ऐकवतात की तिने कळवलं नसतं तरच नवल. पोलिसांनी आधी विचारलं आणि मग ठरवलं, म्हणून मी बचावलो.

हे नशीब प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये ॲमस्टरडॅमहून मुंबईला निघालेलं विमान लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात माघारी नेलं होतं. काही प्रवाशांची मोबाइलवरची चुळबुळ कर्मचाऱ्यांना खटकली होती. लंडनमधला विमानं उडवायचा कट उघडकीला येऊन दोनच आठवडे झाले होते, म्हणजे भीती खोटी नव्हती. पण बारा भारतीयांनी रात्र कोठडीत काढली आणि दुसऱ्या दिवशी ते आरोपाविना सुटले. २०१८ मध्ये ब्रिस्बेनला लेकीकडे गेलेल्या मुंबईच्या आजींच्या बॅगेवर 'बॉम्ब टू ब्रिस्बेन' असं लिहिलेलं होतं. 'बॉम्बे' पुरतं लिहायला जागा उरली नव्हती! त्यावर आपण सगळे हसलो. आणि २०२२ मध्ये मंगळुरूला मुंबईच्या विमानात एका बाईंनी शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावून मैत्रिणीशी चाललेली थट्टा वाचली, तर विमान सहा तास अडकलं. तिथे ना गोरे होते, ना परकी भाषा.

ग्रुपवर ज्याने 'वर्णद्वेष' म्हटलं, त्यानेच काही महिन्यांपूर्वी एक फॉरवर्ड पाठवला होता: बांधकामावरचे मजूर बांगला बोलताना दिसले की लगेच पोलिसांना कळवा. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडे ढकललं होतं, आणि ते भारतीयच निघाल्यावर परत आणावं लागलं. घुसखोरी नाहीच, असं मी म्हणत नाही. पण बांगला ही कोलकात्याचीही भाषा आहे, आणि घरी फोन केला की माणूस आईशी आपल्याच भाषेत बोलणार. माझ्याजवळ निदान सुतळी बॉम्बचा फोटो होता. त्या मजुरांजवळ कागद होते, ते बघायला कोणी थांबलं नाही.

हे सगळं मी त्याला ग्रुपवरच लिहिलं. त्याने हात जोडलेला इमोजी पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीचं गुड मॉर्निंग, सूर्यफुलासकट.