सॅली कोण, हे नोएललाही माहीत नाही

दादाने विषय दोन मिनिटांत मिटवून टाकला, याचा राग अजून गेलेला नाही.

महिन्यातल्या एका रविवारी माझा आतेभाऊ, म्हणजे हा दादा, आणि त्याचे इंजिनिअरिंगचे मित्र कुणाच्या तरी गच्चीवर जमतात. एक रॉक गाणं ठरवायचं, मोठ्या आवाजात ऐकायचं, मग प्रत्येकाने ते गाणं आपलं काय लागतं ते सांगायचं. एके काळी मुंबईच्या रंगभवन या खुल्या थिएटरच्या पायऱ्यांवर रात्र रात्र उभी राहिलेली ही मंडळी आता पन्नाशीला आली आहेत. मी मँचेस्टरहून व्हिडिओ कॉलवर असते. या वेळी मँचेस्टरच्या गॅलाघर भावांच्या ओएसिस बँडचं ‘डोंट लुक बॅक इन अँगर’ ठरलं होतं आणि मी आठवडाभर काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. माझी पाळी यायच्या आतच दादाने निकाल दिला. “लिहिणारा नोएल गॅलाघर स्वतः म्हणतो, सॅली कोण मला माहीत नाही. सुरुवातीचा पियानो जॉन लेननच्या ‘इमॅजिन’वरून उचललेला. शब्दांना अर्थ नाही आणि सूर उसने. गर्दीत ओरडायला ठीक आहे.” मी तोंड उघडलं तसा म्हणाला, “तुम्ही लोकांनी तिकडे उगाच त्याचं राष्ट्रगीत करून ठेवलंय.”

‘तुम्ही लोक’चं नंतर बघते. आधी गाणं.

दादाची माहिती चोख असते, याही वेळी होती. पियानो ‘इमॅजिन’चा आहे, नोएलने तो कधी लपवला नाही. एक-दोन ओळी लेननने टेपवर बोलून ठेवलेल्या आठवणींतून आल्यात, हेही त्यानेच सांगितलंय. आणि सॅलीची गोष्ट तर दादाने सांगितली त्याहून पुढची आहे. नोएल गिटार छेडत नुसतं काहीतरी गुणगुणत होता. धाकटा भाऊ लिअम म्हणाला, काय गातोयस, “सो सॅली कॅन वेट” का? नोएल तसं काही गात नव्हता, पण ते ऐकून त्याला वाटलं, हे तर त्याहून चांगलं आहे, आणि त्याने तेच ठेवलं. म्हणजे ज्या ओळीवर ऐंशी हजारांचं स्टेडियम एका दमात उठतं, ती एका भावाने दुसऱ्याचं चुकीचं ऐकल्यामुळे जन्माला आली. दादाला यात गाण्याचा पोकळपणा दिसतो. मला दोन भाऊ दिसतात. हे दोघं २००९ साली पॅरिसमध्ये भांडून वेगळे झाले, पुढे सोळा वर्षं एका रंगमंचावर उभे राहिले नाहीत, आणि त्या सगळ्या काळात दर वेळी हे गाणं म्हणताना नोएलच्या तोंडी लिअमने दिलेलं नाव होतं. मला तरी हा अर्थ पुरतो.

आपल्याकडे गाण्याचा अर्थ म्हणजे मराठीच्या पेपरातला प्रश्न असतो. कवीला येथे काय म्हणावयाचे आहे? संदर्भासह स्पष्टीकरण द्या. उत्तर गाइडात असतं तेच, आणि कवीने ‘मला माहीत नाही’ म्हटलं की प्रश्नच रद्द. गच्चीवरची हुशार, वाचलेली, मनापासून संगीत ऐकणारी माणसं अजून त्याच बाकावर बसलेली आहेत. कुणी म्हणालं हे प्रेमभंगाचं गाणं, कुणी म्हणालं फुटबॉलचं, आणि मग बरोबर कोण यावरून जुंपली.

इथे हा प्रश्नच कुणी विचारत नाही. माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणाऱ्या सहकाऱ्याला मी एकदा विचारलं होतं, तुझ्यासाठी या गाण्याचा अर्थ काय. त्याने किटली लावली आणि म्हणाला, “बाबांच्या फ्युनरलला लावलं होतं.” संपलं. पुढे त्याने दुधाची बाटली हुंगून पाहिली आणि मीटिंग किती वाजता आहे ते विचारलं. त्याचे वडील सॅल्फर्डचे, कारखान्यात आयुष्य गेलेले, नोएलची मुलाखत त्यांनी कधी वाचली असेल असं मला वाटत नाही. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी हे गाणं निवडून म्हटलं. आता सांगा, याचं स्पष्टीकरण कुठल्या संदर्भासह द्यायचं?

दादा म्हणेल, इंग्रज भावना बोलून दाखवत नाहीत, म्हणून गाण्यामागे लपतात. लपू देत. आपण बोलतो खूप, पण आपल्या घरातल्या कुठल्या मयताला त्या माणसाचं स्वतःचं आवडतं गाणं लागलं होतं, ते मला आठवत नाही.

२२ मे २०१७ च्या रात्री मँचेस्टर अरीनाबाहेर बॉम्बस्फोट झाला. एरियाना ग्रांडेच्या कॉन्सर्टहून घरी निघालेल्यांतली आणि त्यांना न्यायला आलेल्यांतली बावीस माणसं गेली. त्यांत लहान मुलं होती. गुरुवारी, २५ तारखेला, सकाळी अकरा वाजता देशभर एक मिनिट शांतता पाळली. ऑफिसातले आम्ही काही जण सेंट ॲन्स स्क्वेअरला गेलो होतो. फुलांचे ढीग एवढे वाढले होते की चालायला अरुंद वाट राहिली होती, आणि सेलोफेनच्या आत पाकळ्या उन्हाने घामेजल्या होत्या. मिनिट संपलं तरी कुणी हललं नाही. मग गर्दीतून एका बाईचा आवाज आला. ती हेच गाणं म्हणत होती, अगदी हळू, स्वतःशी म्हणावं तसं. आधी जवळचे दोघं-तिघं, मग मागचे, आणि धृपदापर्यंत अख्खा चौक गात होता. रागाने मागे पाहू नकोस, असं ते गाणं सांगतं. शहरात तीन दिवसांपूर्वी मुलं मारली गेली होती आणि हजार माणसं एकमेकांना हे सांगत होती. १९९५ साली गाणं लिहिणाऱ्याच्या डोक्यात यातलं काही असणं शक्यच नव्हतं. तरी त्या सकाळपासून त्या गाण्याचा अर्थ तोच आहे, आणि लिहिणाऱ्यालाही तो आता पुसता येणार नाही. सप्टेंबरात अरीना पुन्हा उघडलं तेव्हा नोएलने तिथे उभं राहून ते त्याच अर्थाने गायलं. त्याआधी जूनमध्ये पॅरिसला फ्रान्स-इंग्लंड सामन्यात फ्रेंच रिपब्लिकन गार्डच्या बँडने मैदानात हेच वाजवलं होतं. गणवेशातले ते वादक सॅली कोण ते शोधत बसले नाहीत.

त्या चौकात मी गायले नाही.

शब्द मला त्यांच्यापैकी बहुतेकांइतकेच पाठ होते. दादानेच १९९६ मध्ये कोऱ्या कॅसेटवर मला हा अल्बम भरून दिला होता. एका बाजूला त्याच्या अक्षरात गाण्यांची नावं, निळ्या शाईत. छापील शब्द कुठे मिळायचे नाहीत. प्ले, पॉज, रिवाइंड असं करत मी वहीत गाणं उतरवून घेतलं होतं, कळलं नाही तिथे जे कानाला वाटेल ते लिहून. तेव्हा मँचेस्टर म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातलं कापडगिरण्यांचं शहर. तरी चौकात ओठ हलेनात. त्या आठवड्यात ट्रॅममध्ये माझ्यासारख्या रंगाच्या माणसाकडे नजर एक क्षण जास्त टिकायची. वाईट कुणी काही बोललं नाही. उलट स्फोटाच्या रात्री अडकलेल्या लोकांना फुकट घरी पोचवणाऱ्यांत शीख होते, मुस्लिम होते, हे सगळं शहर सांगत होतं आणि अभिमानाने सांगत होतं. पण मला वाटत राहिलं की हे दुःख ज्यांचं आहे त्यांनी गावं, मी बाजूला उभं राहावं. कौन्सिल टॅक्स भरते, मुलगी इथल्या शाळेत जाते, पासपोर्टही बदललेला, आणि माझं मलाच वाटत होतं की मी पाहुणी आहे. पाहुण्याने दुसऱ्याच्या घरच्या रडण्यात सूर लावू नये, असं कुणी मला शिकवलं नव्हतं. ते आपोआप आलं.

मागच्या जुलैची गोष्ट, २०२५ ची. ओएसिस परत एकत्र आले, ४ तारखेला कार्डिफला सुरुवात झाली आणि ११ तारखेपासून मँचेस्टरच्या हीटन पार्कला पाच रात्री होत्या. तिकिटाच्या रांगेत थांबले असताना डोळ्यांदेखत भाव वाढत गेला तेव्हा मी नाद सोडला होता. पण पार्कात आत न जाता बाहेरच्या उतारावरून ऐकू येतं, असं कळलं. बेरीच्या ट्रॅमने गेले. उतारावर पाय ठेवायला जागा नव्हती. बकेट हॅट घातलेली शाळकरी पोरं, घडीच्या खुर्च्या घेऊन आलेली आजी-आजोबा, खांद्यावर पोर घेतलेला बाप. रंगमंच बोटाएवढा दिसत होता आणि आवाज वाऱ्याबरोबर जवळ-लांब होत होता. हे गाणं सुरू झालं आणि पियानोच्या पहिल्या चार सुरांवर सगळा उतार उभा राहिला. माझा गळा माझ्याआधी सुरू झाला. पूर्ण गायले, कॅसेटवरून उतरवलेल्या माझ्या शब्दांत.

संपल्यावर शेजारच्या बाई माझ्याकडे वळल्या. साठीच्या असतील, गाल ओले. प्रेमाने म्हणाल्या, “तुला सगळे शब्द येतात की गं! कुठे शिकलीस?”

यात काही वाईट नाही, हे मला कळतं. तरी तो प्रश्न त्यांनी पलीकडच्या बाईला विचारला नसता, हेही कळतं. मी म्हटलं, हे शहर पाहण्याआधीपासून येतात. त्या हसल्या आणि माझा हात दाबला. मला तो दाबलेला हात हवा होता आणि प्रश्न नको होता, आणि दोन्ही एकदमच मिळाले.

म्हणून दादाचं ‘तुम्ही लोक’ लागलं. इथे विचारतात, तुला हे कसं येतं. तिथे म्हणतात, हे तुमचं आहे. ज्याने मला कॅसेट भरून दिली, तोच आता मला उताराच्या पलीकडच्या गर्दीत मोजतो आणि त्या गर्दीला अर्थ कळत नाही म्हणतो. मग माझी बाजू कुठली? हे गाणं माझ्याकडे त्याच्या खोलीतून आलं. मँचेस्टरने मला ते दिलेलं नाही. मँचेस्टरला पोचेपर्यंत ते माझ्यात मुरलं होतं, परीक्षेच्या रात्री, घरातलं पहिलं भांडण करून गच्चीवर जाऊन बसले तेव्हा, नोकरीचं पत्र आलं आणि आई दोन दिवस बोलली नाही तेव्हा. आईचा राग गेला, पण मी विमानात बसले तेव्हा तो गेला होता की नाही ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या प्रवासात वॉकमनमध्ये काय लागलं होतं ते दादाला माहीत आहे, कारण कॅसेट अडकली तर पेन्सिलने कशी फिरवायची ते त्यानेच विमानतळावर पुन्हा एकदा दाखवलं होतं. सॅली कोण ते न कळताही हे सगळं त्या गाण्यात मावलं.

तिकडे राहणाऱ्यांना वाटतं, आम्ही इथली प्रत्येक गोष्ट डोक्यावर घेतो. माझ्यापुरतं सांगते. इथलं हवामान, इथला सपक गंभीरपणा, ‘सॉरी’ म्हणून टाळणं, यातलं काही मी डोक्यावर घेतलेलं नाही. पण गाण्याजवळ जाण्याची यांची रीत मला आपल्यापेक्षा मोठी वाटते, आणि ते म्हणायला मी कचरणार नाही. खरं तर ती आपल्याकडेही आहे. दिंडीत टाळ घेतलेला माणूस अभंगाची प्रत्येक ओळ उलगडून सांगू शकेलच असं नाही, पण त्याला अर्थ कळत नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे का? दादाची तर नाहीच, त्याने दोनदा वारी केलीये. मग रॉकला तो गुण द्यायला हात का आखडतो? रॉक परक्या भाषेतलं म्हणून? की ते ऐकून आपण वेगळे ठरलो होतो, हुशार ठरलो होतो, आणि तीच गोष्ट हजारो साधी माणसं बिअरचे ग्लास उंच करून गाताना दिसली की आपलं वेगळेपण जातं? मला हे दुसरं कारण खरं वाटतं. त्या वयात आमच्या ओळखीत ओएसिस ऐकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि ते मोजकेपण दादाने तीस वर्षं जपलंय.

पुढच्या रविवारसाठी त्याने ब्रायन ॲडम्सचं ‘समर ऑफ सिक्स्टी नाइन’ निवडलंय. आपल्या एकाही हॉस्टेलची रात्र ज्याच्याशिवाय संपली नाही ते गाणं. १९६९ च्या उन्हाळ्यात ॲडम्स नऊ वर्षांचा होता. तो सांगतो की आकडा सालाचा नाहीच, त्याचा इशारा शरीरसुखाकडे आहे. त्याच्याबरोबर गाणं लिहिणारा जिम व्हॅलन्स सांगतो, नाही, ते त्या सालाबद्दलच आहे. लिहिणारे दोघं, दोघंही हयात, आणि एकमत नाही. यातल्या कुणाचं उत्तर धरून दादा निकाल देणार आहे ते मला ऐकायचंय, आणि या वेळी पहिली मी बोलणार आहे. गच्चीवर लावताना फोन स्पीकरजवळ ठेवा, एवढं त्याच्या मित्रांना आजच कळवलंय.