वार धूर अडवत नाही

गरोदर बाईला चुलीच्या धुराची भीती घालू नका, असं सांगणारा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा फिरत असतो. लाकडाचा धूर नैसर्गिक असतो, वार (गर्भाशयात बाळाला आईशी जोडणारी, बाळंतपणानंतर बाहेर पडणारी) सगळं गाळून घेते, आपल्या आज्यांनी चुलीपुढेच आठ-आठ बाळंतपणं काढली आणि गॅस देऊनही बाळांची वजनं वाढली नाहीत हे शास्त्रज्ञांनीच दाखवलं, असा त्याचा गोषवारा. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर बोलावं लागेल.

आधी वारेचं. बाळंतपणानंतर ट्रेमध्ये काढून ठेवलेली वार पाहिली असेल, तर आठवून बघा. छोट्या ताटलीएवढी, अर्ध्या किलोच्या आसपास. आईकडची बाजू गडद लाल, खडबडीत. बाळाकडची गुळगुळीत, चकाकती, आणि नाळेपासून चहूकडे फुटलेल्या रक्तवाहिन्यांची. आईचं आणि बाळाचं रक्त इथे एकमेकांत मिसळत नाही, हे खरं. पण मधला पडदा पातळच असावा लागतो, कारण बाळाचा प्राणवायू त्यातूनच जायचा असतो. बेल्जियममधल्या हासेल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली वारेचे नमुने तपासले, तेव्हा बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण सापडले. कमी प्रदूषणात राहिलेल्या आयांच्या वारेत दर घन मिलिमीटरला सरासरी ९,५००, जास्त प्रदूषणातल्या आयांच्या वारेत सुमारे २०,९००. या बायका काही चुलीपुढे बसणाऱ्या नव्हत्या, नेहमीच्या हवेत श्वास घेत होत्या. पुढे २०२२ मध्ये असेच कण गर्भाच्या यकृतात, फुप्फुसांत आणि मेंदूतही दिसले.

शिवाय धुरात नुसती काजळी नसते. लाकूड अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो आणि वारेतून सहज पलीकडे जातो. आई मोकळ्या हवेत आली की तिच्या रक्तातून तो निघून जायला लागतो, बाळाच्या रक्तातून निघायला जास्त वेळ लागतो.

वारेलाही याची झळ बसते, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. नायजेरियातल्या इबादान शहरात काही गरोदर बायकांना इथेनॉलवर चालणाऱ्या शेगड्या दिल्या, बाकीच्या सरपणावर किंवा रॉकेलवर रांधत राहिल्या. बाळंतपणानंतर वार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा सरपण-रॉकेलवाल्या बायकांच्या वारेत प्राणवायू दीर्घकाळ कमी पडल्याच्या खुणा जास्त होत्या. म्हणजे गाळणी म्हणून जिच्यावर भिस्त ठेवायला सांगतात, तीच गुदमरत होती.

लाकूड झाडाचं म्हणून त्याचा धूर निरुपद्रवी, हे तर पटण्यासारखंच नाही. तंबाखूही झाडाचीच. ओलं सरपण, गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या यांचा धूर डोळ्यांतून पाणी काढतो, ते उगाच नाही.

आता आज्या. त्यांची जगलेली मुलं आपण मोजतो. पोटात गेलेली, अपुऱ्या दिवसांची, बाळसंच न धरलेली मुलं कुठल्या वहीत लिहिली होती? त्यांच्या घरात कुणी लहानपणीच गेलेल्या भावंडाचा विषय निघाला की आवाज खाली यायचा, हे अनेकांनी ऐकलेलं असेल. त्या मृत्यूंना एकटा धूर कारण होता असं मी म्हणत नाही. पण ‘काही झालं नाही’ असंही म्हणता येत नाही.

राहिला गॅसचा प्रयोग. तो खरा आहे आणि काळजीपूर्वक केलेला आहे. भारतात तमिळनाडू, शिवाय ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या सुमारे ३,२०० गरोदर बायका त्यात होत्या. निम्म्या घरांना गॅस मोफत दिला. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: गॅसच्या घरातल्या बाळांचं सरासरी वजन २,९२१ ग्रॅम, चुलीच्या घरातल्यांचं २,८९८. हा फरक नगण्यच. पण दोन गोष्टी मजकुरात सांगत नाहीत. एक, प्रयोगात सामील होतानाच या बायकांना नऊ ते वीस आठवडे झाले होते, गॅस त्यानंतर आला, आणि वार तर पहिल्या तिमाहीतच आकाराला येते. दुसरी, गॅस आल्यावरही त्यांच्या श्वासातले सूक्ष्म कण घनमीटरला २४ मायक्रोग्रॅमच्या आसपास राहिले. चुलीवाल्यांचे सुमारे ७१ होते, म्हणजे घट मोठी, पण जागतिक आरोग्य संघटनेची वर्षभराच्या सरासरीची मर्यादा ५ आहे. आणि जन्माचं वजन हे एकच माप. गरोदरपणाच्या मध्यावर गॅस देऊन वजन फारसं वाढलं नाही, एवढंच या प्रयोगातून कळतं. धूर वारेला लागत नाही, हे त्यातून निघत नाही.

चुलीवर रांधून जिचे दिवस भरत आलेत तिने यावरून धसका घेऊ नये, धुरामुळे प्रत्येक बाळाला अपाय होतोच असं नाही. पण गॅस असलेल्या पुष्कळ घरांत अजून आंघोळीचं पाणी सरपणावर तापतं आणि जाळ घालायला सूनच बसते. दिवस राहिल्याचं कळल्यापासून ते काम नवऱ्याने किंवा दिराने घ्यावं, आणि सिलिंडर भरायला पैसे कमी पडत असतील तर आधी कुठला खर्च थांबवायचा, हे घरातल्यांनी तिच्यासमोर बसून ठरवावं.