भोंगा वाजला, पण विचारायचं कुणाला?

आमच्या घरच्या ग्रुपवर मोहित्यांचे वडगाव हा विषय निघाला की दोन दिवस दुसरं काही चालत नाही. कडेगाव तालुक्यातलं हे गाव २०२२ साली बातम्यांत आलं. संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. काका म्हणतात, अख्ख्या सांगलीत असा भोंगा हवा. चुलतबहीण म्हणते, माहितीच्या युगात फोन बंद करून कोण शहाणं झालंय? मी फिनलंडमध्ये, तांपेरेत बसून दोघांनाही लाईक ठोकतो.

खरं तर मला दोघांचंही पटत नाही. फोन चालू की बंद, यावर भांडताना एक प्रश्न सुटतोच: माणूस माहितीवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवतो?

ग्रंथालयशास्त्रातले लोक यात बरीच वर्षं डोकं घालून आहेत. इथल्याच विद्यापीठातल्या रेइयो सावोलाइनेन यांनी १९९५ साली शिक्षक आणि कामगार रोजच्या जगण्यात माहिती कशी शोधतात, यावर लिहिलं. अमेरिकेत एल्फ्रेडा चॅटमन सफाई कामगारांत, म्हाताऱ्या बायकांत जाऊन बसल्या. त्यांना दिसलं ते असं, की बाहेरून आलेली माहिती खरी असली तरी आपल्या वर्तुळातल्या कुणी ती उचलून धरेपर्यंत लोक तिला हात लावत नाहीत. माहितीची गरिबी म्हणजे नुसतं फोन नसणं नव्हे.

मला हे पुस्तकातून कळायच्या आधी अप्पांनी शिकवलं होतं. ऑगस्ट २०१९. सांगलीच्या गावभागातलं आमचं घर, कृष्णा चढत चाललेली. मी इथून कोयनेच्या विसर्गाचे आकडे, आयर्विन पुलाजवळची पातळी, सगळं तासातासाला पाठवत होतो. अप्पा प्रत्येक मेसेज वाचायचे. निळ्या खुणा दिसायच्या. उत्तर एकच: "२००५ला पाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबलं होतं. खूण आहे." खूण होतीच, खिळ्यानं ओरखडलेली. त्या वर्षी पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, त्याहून जास्त येणार नाही हा त्यांचा हिशेब. शेवटी आमचा दूधवाला आला आणि म्हणाला, "अप्पा, आम्ही म्हशी हलवल्या." अर्ध्या तासात अप्पा पिशवी घेऊन बाहेर! पाणी पुढे ५७ फुटांवर गेलं. माझे आकडे बरोबर होते, पण त्यांच्यामागे म्हैस नव्हती.

म्हणून इथे काय वेगळं आहे, ते बघतो. इथल्या ग्रंथालय कायद्यात माहिती शोधायला आणि वापरायला मदत करणं, हेही ग्रंथालयाचं काम म्हणून लिहिलंय. तांपेरेच्या 'मेत्सो' ग्रंथालयात माझी शेजारीण, वय ऐंशीच्या पुढे, फोन घेऊन जाते. तिथली बाई शेजारी बसते, बोटानं दाखवते, स्वतः बटण दाबत नाही. सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. इथे बहुतेक सरकारी ऑनलाइन दारं बँकेच्या लॉगिननं ओळख पटवली की उघडतात, आणि ते जमलं नाही तर म्हातारं माणूस दाराबाहेरच. शेजारीण एकदा रडत परत आली होती.

आपल्याकडे १९६७चा ग्रंथालय कायदा आहे, पण त्यात ग्रंथालयांसाठी वेगळा कर नाही. अनुदानाची वाट बघत वाचनालयं चालतात. ग्रंथपालाच्या पगाराचीच ओढाताण, तिथे तो कुणाच्या शेजारी बसणार? ग्रुपवर हा मुद्दा टाकला तेव्हा काकांनी पुन्हा भोंग्याचा व्हिडिओ पाठवला.

अप्पा हयातीच्या दाखल्यासाठी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या पोराकडे जातात. पोरगं भलं आहे. ओटीपी आला की अप्पा तो मोठ्यानं वाचतात, मागची रांगही ऐकते. परवा मी म्हटलं, वाचनालयात विचारून बघा ना.

"तिथं पेपर वाचायला जातात रे," अप्पा म्हणाले.